नॉमिक खेळात नियमांनी कुठवर हात घालावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही सहा जण सांगलीत विश्रामबागला दर रविवारी नॉमिक खेळतो. पीटर सबरचा १९८२ चा खेळ, पाळी आली की नियम बदलायचा प्रस्ताव मांडायचा आणि मत घ्यायचं. पहिल्या दोन फेऱ्या एकमत, नंतर साधं बहुमत, आणि आमचा घोळ तिथनंच सुरू झाला.

एकानं प्रस्ताव आणला, खेळ चालू असताना फोन उचलला तर २० गुण वजा. ४ विरुद्ध २ नं पास. विरोधात मत दिलं म्हणून मला आणि माझ्या मित्राला नियमाप्रमाणं १०-१० गुण मिळाले. मित्राची तासगावकडं द्राक्षबाग आहे, छाटणी होऊन महिना झालेला, आभाळ भरून आलेलं, आणि वडलांचा फोन की दावण्याचं (द्राक्षावरच्या बुरशीचं) औषध आत्ता मारू का सकाळी. दोन मिनिटं बोलला असेल. वहीत त्याच्या नावापुढं ३४ खोडून १४ केलं. काही न बोलता चप्पल घालून गेला तो, मला ते फार लागलंय.

नियम ११६ म्हणतो, ज्याला मनाई नाही, ज्याचं नियमन नाही, ते करायला मोकळीक. पण नियमन कशाचं करता येईल यावर काहीच बंधन नाही. ११३ मुळं खेळ सोडता येतो, पण सोडून जाणं म्हणजे संरक्षण कसं? आणि उद्या त्याच चौघांनी फोनचा नियम पक्का, म्हणजे साध्या बहुमतानं न बदलणारा, केला तर काढायला १०९ प्रमाणं सगळ्यांचं एकमत लागणार.

माझा मसुदा असा: ज्या कृतीनं वहीतली नोंद बदलते तिच्यावरच नियम करता येईल. १९९३ पासून चालू असलेल्या अगोरा नॉमिक या ऑनलाइन खेळातही नोंदीचा असा मुद्दा आहे. पण समोरचे म्हणतात, फोन उचलला की गुण बदलतात, म्हणजे नोंद बदललीच की! यातनं बाहेर कसं पडायचं? मसुदा कुणीतरी नीट करून द्या.

प्रतिसाद: नोंद दंडामुळं बदलली, फोनमुळं नाही, एवढं वाक्य मसुद्यात घाला. मत, प्रस्ताव, पाळी ही कामं नियमांनीच जन्माला घातलीत, वही फाडली तर ती उरत नाहीत. फोन उरतो. आणि फोनचा नियम आणणाऱ्याची तक्रार काय ते आधी विचारा. पाळी रखडते हीच असेल तर पाळीला पाच मिनिटांची मर्यादा घाला, मग बागेचा फोन घ्यायचा का पाळी ते मित्र ठरवेल. चार मतं त्यावर मिळतील.

धागाकर्ता: पाळीच रखडते हो, तोच बोलला होता. रविवारी पहिली पाळी माझीच आहे, हाच प्रस्ताव मांडतो. मित्राला आज फोन करतो.