शब्दचर्चा : चक्कर, भोंड, अंधारी – एकच की वेगवेगळे?

पऱ्हाटी :
आमच्या काकाजींना गालाचा कॅन्सर झाला होता. कारण सांगायला नको, दिवसाला पाच-सहा पुड्या खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. ऑपरेशन झालं, मग नागपूरला तेहतीस शेक (किरणोपचार) झाले, आठवड्याला पाच. त्याला आता आठ महिने होतील. दर तपासणीला डॉक्टर विचारतात, "चक्कर येते का?" काकाजी दर वेळी म्हणतात, "नाही जी." आणि घरी खाटेवर कूस बदलायची तर आधी खाटेची पाटी गच्च धरतात, डोळे मिटतात, मगच वळतात.

परवा मी विचारलं, डॉक्टरले खोटं काहून सांगता? तर म्हणाले, "खोटं कोठी? चक्कर आली म्हंजे मानूस पडते, त्याच्या तोंडावर पानी मारा लागते. मी पडलो का कधी? मले भोंड येते."

मी आजवर 'भोंड' म्हणजे चक्करचाच गावठी अवतार समजत होतो. खरंच वेगळे अर्थ आहेत का?

धुऱ्यावरचा :
आहेत ना भाऊ. लहानपणी अंगणात हात पसरून गरगर फिरायचो आणि एकदम थांबायचो. मग आपण उभे आणि घर, विहीर, बाभूळ सगळं फिरत राहायचं. ती भोंड. तिच्यात माणूस शुद्धीवर असतो, मजाही येते. आजी ओरडायची, "भोंड येईन, ओकशीन!" 'चक्कर येईल' असं ती कधी म्हणाली नाही. चक्कर तिच्या लेखी उपाशी बाईला उन्हात निंदताना यायची.

जुना मास्तर :
व्युत्पत्ती पाहिली तर भांडण मिटतं, पण उपयोग होत नाही. संस्कृत 'भ्रम्' म्हणजे फिरणे. त्यातून भोवणे, भोवरा, भोवती, भोवळ, भोवंडणे. भोवंडचा उच्चार आपल्याकडे झिजून भोंड झाला. आयुर्वेदातही या लक्षणाला 'भ्रम'च म्हणतात. चक्कर हा चक्राचा वंशज. इंग्रजी 'व्हर्टिगो'सुद्धा लॅटिनमधल्या 'फिरणे' या अर्थाच्या धातूवरून आला, आपल्या 'वर्तुळ'चा तो लांबचा भाऊबंद. म्हणजे मुळात सगळे शब्द फिरतेच आहेत.

पण वापर पाहा. 'उन्हात भोवळ येऊन पडला' अशी बातमी आपण वाचतो, तिथे भोवळ म्हणजे शुद्ध हरपणं. पुस्तकी मराठीत भोवळही पडण्याकडे सरकली. फिरण्याचा मूळ अर्थ सांभाळून आहे ती आपली भोंडच. प्रमाण भाषेच्या अभिमान्यांनी हे जरा मनावर घ्यावं.

कानाडोळा :
मी कान-नाक-घसा विभागात श्रवणतपासणीचं काम करते. काकाजींचं उत्तर भाषेच्या दृष्टीनं बरोबर आहे आणि तपासणीच्या दृष्टीनं त्यांनी आठ महिने वाया घालवलेत. अर्थात चूक त्यांची नाही, प्रश्नाची आहे. 'चक्कर' या एका शब्दाखाली आम्ही निदान तीन तक्रारी कोंबतो.

घर फिरतं, ती भोंड. कूस बदलताना, खाटेवरून उठताना किंवा वर फळीकडे पाहताना काही सेकंद येते आणि थांबते, तेव्हा बहुधा आतल्या कानातले बारीक कण जागचे हलून अर्धवर्तुळाकार नळ्यांत शिरलेले असतात. पेशंटला झटकन आडवं करून, मान एका बाजूला वळवून डोळ्यांची थरथर पाहिली की कळतं. मग डोकं ठरावीक क्रमानं वळवून ते कण परत जागेवर आणता येतात. पुष्कळदा त्यानंच आराम पडतो, गोळ्या लागत नाहीत. ऑपरेशन आणि शेक झालेत म्हणून हे घरी करू नका, डॉक्टरांकडूनच करून घ्या.

उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे काळं येतं, ती अंधारी. तिथे कानाचा संबंध नसतो, रक्तदाब पडलेला असतो. शेकांनी तोंड सोललेलं असतं, गिळवत नाही, पाणी कमी जातं. शिवाय मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीपाशी रक्तदाब सांभाळणारी जी यंत्रणा असते, तिलाही शेकांनी इजा होऊ शकते.

तिसरी तऱ्हा म्हणजे फिरत काहीच नाही, पण चालताना तोल जातो, अंधारात जास्त. शेकाच्या टप्प्यात आतला कान आला तर तोल सांभाळणारा भाग दुबळा होऊ शकतो, कधी कधी बऱ्याच महिन्यांनी. सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिलं असेल तर कानावर त्याचाही भार पडतो. दिवसा डोळे सांभाळून घेतात, रात्री तो आधार जातो. याला तोलाचे व्यायाम असतात.

कानाचा पडदा आणि त्यामागे साठलेलं पाणीही तपासायला सांगा, शेकांनंतर ते बऱ्याच जणांत दिसतं. आणि भोंडेसोबत बोलणं जड झालं, तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला, तर शब्दचर्चा सोडून ताबडतोब दवाखाना.

पऱ्हाटी :
तिसरं वाचून कसंसंच झालं. संध्याकाळी काकाजी शेतातून धुऱ्यानं (बांधावरून) येतात तेव्हा झोकांड्या खातात. गावात बोलणं सुरू झालंय की कॅन्सर झाला तरी दारू सुटली नाही. त्यांनी आयुष्यात दारू घेतलेली नाही. खर्रा सोडून.

धुऱ्यावरचा :
'डोकं फिरते' असं डॉक्टरले चुकूनही सांगू नका. माझ्या मावशीनं सांगितलं होतं, तिची चिठ्ठी मानसोपचाराकडे गेली.

जुना मास्तर :
वाक्प्रचाराचा महिमा! घर फिरते ते कानाचं, डोकं फिरते ते रागाचं नाहीतर वेडाचं. आणि डोळे फिरले तर माज आला. क्रियापद एकच, कर्ता बदलला की वॉर्ड बदलतो.

कानाडोळा :
जाता जाता 'शेक' शब्दाबद्दलही. उपचारात ना विस्तव ना ऊब, किरणं अंगावर जाणवतसुद्धा नाहीत. पण शब्द शेकाचा, म्हणून लोकांना वाटतं उष्णता डोक्यात चढली. मग सब्जा, गुलकंद, टाळूवर तेल. कोणी 'लाईट' म्हणतं, ते त्यातल्या त्यात खरं.

पऱ्हाटी :
आमच्याकडे तीन महिने सब्जाच सुरू आहे.

काल जाऊन आलो. या वेळी मीच डॉक्टरांना म्हटलं, चक्कर विचारू नका. "उजव्या कुशीवर वळलं की घर फिरते का?" एवढंच विचारा. काकाजी खुर्चीतून पुढे सरकले. "फिरते ना जी! आढं खाली येते." मग त्यांना झटकन आडवं केलं, मान उजवीकडे. त्यांनी माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले. डोळे थरथरताना मलाही दिसले. मान वळवायचा प्रकार झाला, काल रात्री पाटी न धरता वळले. तोलासाठी वेगळे व्यायाम दिलेत, संध्याकाळी धुऱ्यानं काठी आणि टॉर्च.

'घेरी'बद्दल विचारायचं राहिलंच. ती कोणत्या खात्यात?

धुऱ्यावरचा :
घेरी आमच्याकडे पतंगाले येते. माणसाचं मास्तरच सांगतीन.