बॅटरी बदलली आणि रेडिओ रुसला

प्रश्न: परवा बॅटरी बदलली. तेव्हापासून गाडीसोबत आलेला रेडिओ ‘कोड’ एवढंच दाखवतो. मी आपले अंदाजाने तीनदा आकडे दाबले, आता नुसत्या रेघा! गाडी सेकंडहँड, कोडचं कार्ड मिळालेलंच नाही. फ्यूज काढून परत लावला, तरी ढिम्म.

उत्तर १: अंदाज आधी थांबवा. हे कुलूप चोरासाठी असतं, वीज तुटली की आपोआप लागतं. काही मॉडेलमध्ये किल्ली ऑन करून रेडिओ तासभर चालू ठेवला की पुन्हा आकडे घेतो. ग्लोव्ह बॉक्सच्या आत किंवा मॅन्युअलच्या पानांवर स्टिकर आहे का बघा. नसेल तर रेडिओ सरकवून बाहेर काढा, वरच्या लेबलवरचा सिरियल नंबर आणि गाडीची कागदपत्रं दाखवली की सर्व्हिस सेंटरवाले सहसा कोड काढून देतात.

उत्तर २: माझं दुखणं वेगळं होतं. गाडी बंद केली की घड्याळ १२:०० वर, स्टेशनं गायब. मी वेड्यासारखा रीसेट करत बसलो. रेडिओला दोन सप्लाय असतात, एक किल्लीबरोबर येणारा आणि एक मेमरीसाठी कायम चालू. माझा दुसरा फ्यूज उडाला होता. आतली तार केसाएवढी तुटलेली, उजेडात धरल्यावर दिसली.

प्रश्नकर्ता: स्टिकर सापडला! ग्लोव्ह बॉक्स पूर्ण उपसला तेव्हा, मागच्या भिंतीला. चार आकडे, त्यातला शेवटचा १ की ७ कळेना. ७ निघाला.