आठ महिन्यांच्या बाळाची खेळणी: कोणती ठेवू, कोणती काढू? (मदत हवी आहे)

मंडळी, लेक आठ महिन्यांची झाली. बसते, सरपटते आणि हाताला लागेल ते आधी तोंडात घालते. बारशाला आणि उष्टावणाला आलेल्या खेळण्यांनी अख्खं कपाट भरलंय. त्यातलं तिला काय द्यायचं यावर घरात रोज चर्चा होते.

सगळ्यात जास्त अडलंय ते सावंतवाडीच्या लाकडी फळभाज्यांपाशी. हा संच नवऱ्याच्या लहानपणचा, म्हणजे 1990 च्या आसपासचा. सासूबाईंनी तो मलमलच्या कापडात गुंडाळून जपून ठेवलाय आणि नातीनं त्याच्याशी खेळावं अशी त्यांची फार इच्छा आहे. पण वांग्याच्या देठाजवळ नख लावलं की हिरव्या रंगाचा पापुद्रा सुटतो आणि खाली जुना पिवळा थर दिसतो. हे तोंडात गेलं तर? धुऊन, उन्हात वाळवून देता येईल का?

दुसरं, जत्रेतून आलेला गाणारा मोबाइल. त्याच्या बॅटरीचं झाकण नुसतं सरकवलं की उघडतं, आत बटणाएवढे सेल आहेत. तिसरं, चाकांचा गोल वॉकर. तो आत्याबाईंनी आणलाय, त्यामुळे नाही म्हणणं अवघड जातंय. आणि पाळण्यावर माझ्या आजीनं शिवलेलं चिमणाळं आहे, मणी-आरसे लावलेलं.

शिवाय या वयात बाळाला खरंच काय लागतं तेही सांगा. आमची बाई सगळं सोडून स्टीलच्या डब्याचं झाकण आपटत बसते.

गवतफूल:
वांग्याबद्दल आधी लिहिते. धुऊन उपयोग नाही, कारण प्रश्न मळाचा नाही, शिशाचा आहे. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएमवर (म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग) आणणारा नियम 2016 चा, अंमल नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या तैलरंगात काय होतं ते डोळ्यांनी कळत नाही. शिसं अगदी थोडं, पण रोज पोटात गेलं तरी बाळाच्या मेंदूच्या वाढीला बाधतं. तुमच्या वांग्यावर तर दोन थर आहेत आणि पापुद्रे सुटतायत. तो संच काचेच्या कपाटात ठेवा. आणि कृपा करून घरी पॉलिश पेपरनं घासू नका, ती धूळ पापुद्र्यापेक्षा वाईट.

नवं खेळणं घेताना आयएसआयचं चिन्ह बघा. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. चिन्हासोबत सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पडताळता येतो. नोंदणीकृत हस्तकारागिरांना मात्र यातून सूट आहे. त्यामुळे सावंतवाडीच्या चितारआळीतल्या, म्हणजे लाकडी खेळणी करणाऱ्यांच्या गल्लीतल्या, खेळण्यावर चिन्ह दिसलं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. तिथे कारागिरालाच विचारायचं, रंग कुठला वापरता, बिनरंगी मिळेल का. मनापासून काम करणारा माणूस नीट सांगतो, असा माझा अनुभव आहे.

टिटवी:
मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते, म्हणून त्या मोबाइलबद्दल कळकळीनं सांगते: आजच्या आज काढून टाका. बटण सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या आवरणाला लागून तिथे कॉस्टिक सोड्यासारखा भाजणारा क्षार तयार होतो आणि दोन तासांत आत जखम होऊ शकते. वापरून संपलेला सेलसुद्धा भाजतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायला जाऊ नका, घरी वाट बघू नका, थेट एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. यावर उपाय म्हणून एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधही चाटवू नका. सेलचं खेळणं घ्यायचंच तर झाकणाला स्क्रू हवा. रिमोट, वजनकाटा, किल्लीचा रिमोट यांतही हेच सेल असतात, तेही बघून घ्या.

आकाराचा अंदाज घ्यायला टॉयलेट पेपरची रिकामी नळी वापरा. तिच्यातून जे आत जातं ते तीन वर्षांपर्यंत हातात द्यायचं नाही. खेळण्यांच्या तपासणीतली खरी नळी याहून अरुंद, 31.7 मिलिमीटर व्यासाची असते, म्हणून घरची चाचणी थोडी जास्तच कडक आहे आणि ते बरंच आहे. चेंडू मात्र आणखी मोठा हवा. अमेरिकेतल्या नियमात तीन वर्षांखाली 44.5 मिलिमीटरपेक्षा मोठाच चेंडू चालतो, टेबल टेनिसचा 40 चा असतो.

चिमणाळं आता उतरवा. बाळ हातावर जोर देऊन उठायला लागलं की पाळण्यावरचं लोंबतं काहीही धोक्याचं. मनगटात काळ्या मण्यांच्या मनगट्या असतील तर दोराही ओढून बघा.

डोंगरवाट:
वॉकरबद्दल. कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. त्यात बसवलेलं बाळ क्षणात जिन्याशी किंवा गॅसच्या ओट्याशी पोचतं, आपण उठेपर्यंत उशीर झालेला असतो. चालणं लवकर येतं हा समजही खरा नाही. पंजांवर रेटत जायची सवय लागते आणि रांगायचा वेळ जातो. आत्याबाईंना सांगा, त्याऐवजी पांगुळगाडा द्या. तो बाळ स्वतः उभं राहून ढकलतं. धरून उभी राहायला लागली की द्या, आणि गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरा, नाहीतर गाडा पुढे पळतो.

झाकण आपटते ना? आपटू द्या. मी केलं की आवाज येतो, हे ती शिकतेय. या वयात वस्तू दिसेनाशी झाली तरी ती आहे हे उमगायला लागतं, म्हणून वाटीखाली चेंडू लपवा, डब्यात सुती ओढणी कोंबून तिला ओढून काढू द्या. धारेला बोट फिरवून डबा-झाकण आधी तपासा. आणि सगळं कपाट एकदम उघडू नका. अमेरिकेत 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीड ते अडीच वर्षांची मुलं सोळा खेळण्यांपेक्षा चार खेळण्यांशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तुमची लहान आहे, तरी आम्ही चार-पाचच बाहेर ठेवायचो, आठवड्यानं बदलायचो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. गाणारा मोबाइल गेला, चिमणाळं खिडकीवर उंच टांगलं. सासूबाईंना गवतफूल यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "तिच्यासाठी नवा संच करून घेऊया, तिथलाच." वॉकरचं आत्याबाईंशी नवरा बोलणार आहे.

आता एवढंच सांगा: सावंतवाडीत कुणी बिनरंगी, नुसती घासून गुळगुळीत केलेली फळं करून देतं का? देठ वेगळा चिकटवलेला नको, अख्ख्या एका लाकडाचं हवं, आणि मुठीपेक्षा मोठं. पुढच्या महिन्यात गावी जातोय. कुणी अलीकडे तिथून घेतलं असेल तर रंगाचं काय सांगितलं तेही लिहा.