लिनक्सच्या सेटिंग्ज टर्मिनलशिवाय का करता येत नाहीत?

वाचनालय-सेवक: विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर आमच्या वाचनालयातील दोन जुन्या संगणकांवर मी लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली बसवली. रोजचे काम सुरळीत चालते. परंतु मराठी टंकलेखनाची सोय करू गेलो, तेव्हा जिथे पाहावे तिथे टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टंकून देण्याच्या खिडकीच्या, आज्ञाच सापडल्या. अर्थ न कळता ओळी उतरवून घेण्याची मला भीती वाटते. सामान्य माणसासाठी ही व्यवस्था सोपी का होत नाही?

इन्स्क्रिप्ट-प्रेमी: आपले काम टर्मिनलशिवाय होईल. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या (कळांच्या मांडणीच्या) यादीत मराठी इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाण मांडणी जोडा. उच्चारानुसार टंकायची सवय असेल, तर त्याच यादीत मराठी कगप ही मांडणी आहे. लोक आज्ञा सांगतात, कारण डेस्कटॉप, म्हणजे लिनक्सची पडद्यावरची मांडणी, बदलला की खिडक्या आणि बटणे बदलतात. आज्ञा मात्र बहुधा तीच राहते. उत्तर देणाऱ्याची ही सोय विचारणाऱ्याला जाचक होते, हे मान्य करायला हवे.

जुना डेबियनकर: प्रत्येक सेटिंगला खिडकी दिली म्हणजे सोपेपणा आला, असे मला वाटत नाही. एके काळी पडदा नीट दिसावा म्हणून मॉनिटरच्या आडव्या-उभ्या वारंवारतेचे आकडे माहितीपुस्तिकेतून शोधून एक्स या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या प्रणालीच्या फाइलमध्ये स्वतः लिहावे लागत, आणि ते चुकले तर जुन्या काचेच्या मॉनिटरला इजा होण्याचा धोका असे. त्या फाइलसाठी खिडक्याही निघाल्या, पण आकडे तर वापरणाऱ्यालाच ठाऊक असायला हवे होते. खरी सुटका झाली ती मॉनिटर स्वतःच आपली क्षमता संगणकाला सांगू लागला आणि एक्सने ती वाचून घेतली तेव्हा. बहुतेकांना ती फाइल लिहिण्याची गरजच उरली नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीत पॅकेज (प्रोग्रॅमचा संच) बसवताना सेटिंगचे प्रश्न विचारणाऱ्या डेबकॉन्फमध्येही प्रश्नांना क्रिटिकल, हाय, मीडियम आणि लो अशा चार पायऱ्या असतात, आणि सहसा वरच्या दोनच पायऱ्यांचे प्रश्न समोर येतात. बाकीच्यांसाठी ठरलेले उत्तर धरले जाते, म्हणून ते उत्तर विचारपूर्वक निवडणे ही पॅकेज बांधणाऱ्याची जबाबदारी आहे.

मिंट-वापरकर्ता: सहमत आहे, पण चूक झाल्यास मागे फिरता आले पाहिजे. मिंटमधील टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमने आधी एक स्नॅपशॉट (सिस्टमच्या त्या क्षणाच्या स्थितीची प्रत) घ्या, म्हणजे सिस्टमच्या फाइली पूर्ववत करता येतील. आपली कागदपत्रे त्यात सहसा धरलेली नसतात. त्यांची प्रत वेगळी ठेवा.

वाचनालय-सेवक: सर्वांचे आभार. स्नॅपशॉट घेऊन यादीतून इन्स्क्रिप्ट जोडले. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द ‘ज्ञ’सह नीट उमटला. आता दुसऱ्या संगणकावर हेच करतो.