ग्रीन टी पेशीच्या पडद्याला चिकटतो, म्हणून तो औषध झाला का?

काळी माती (परभणी)
आमच्या गल्लीत सकाळी सहाला वजन उतरवायचा क्लब भरतो. परवा तिथल्या माणसानं फळ्यावर गोल काढला, त्यात बाण घुसवला आणि म्हणाला, "ग्रीन टीचा अर्क पेशीच्या पडद्यातून आरपार जाऊन चरबी धुवून काढतो." लगेच कॅप्सूलची डबी पुढं केली. आयुष्य रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं, त्यामुळं गप बसवलं नाही.

पेशीचा पडदा स्निग्ध रेणूंचा, दोन पदरी असतो, जाडी जेमतेम चार-पाच नॅनोमीटर. दोन्ही बाजूंना पाण्यात रमणारी डोकी, मधे तेलकट शेपट्या. चहाच्या पानातल्या तुरट रसायनांना कॅटेचिन म्हणतात; ग्रीन टीतला मुख्य कॅटेचिन म्हणजे ईजीसीजी. त्याच्या अंगावर आठ हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात. त्यांच्या जोरावर तो पडद्याच्या डोक्यांशी हायड्रोजन बंध, म्हणजे हलकी पकड, करतो आणि बहुतेक करून तिथंच थांबतो. पाहुणा ओसरीवर टेकतो, माजघरात शिरत नाही, तसं. ज्या कॅटेचिनांना गॅलेटचं, म्हणजे गॅलिक आम्लाचं, कडं जोडलेलं असतं ते जास्त घट्ट धरतात, बिनगॅलेटवाले लवकर सुटतात.

ही चिकट खोड जिभेवरच कळते. बिनसाखरेचा ग्रीन टी तोंडात घोळवा. जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ खरखरीत होते. तिथं तो लाळेतल्या प्रथिनांना धरतो. दुधातल्या केसीन या प्रथिनालाही धरतो. जो दिसेल त्याला मिठी मारतो, त्याला नेमकं काम करणारं औषध कसं म्हणायचं?

उतरता काटा (लातूर)
सर, तुमचे बंध राहू द्या. माझं चार किलो उतरलं.

काळी माती
भाऊ, अभिनंदन. आधी साखरेचे चहा किती व्हायचे?

उतरता काटा
सहा. आता बंद केलेत. पण म्हणून ग्रीन टीचं श्रेय काढून घ्यायचं का? उगं कशातही खोट काढायलेत तुम्ही.

पेट्रीडिश (नांदेड)
मी सरांच्या विरोधात आहे, पण क्लबवाल्याच्या बाजूनंही नाही. "नुसता चिकटतो" हे वाक्य फार स्वस्तात गेलं. पडद्याला चिकटणं हेच मुळात मोठं काम आहे. त्यानं पडद्याचा ताण आणि लवचिकपणा बदलतो, आणि मग त्यात बसलेली प्रथिनं वेगळी वागतात. चौकट फुगली की दार अडकतं, दाराला कुणी हातही लावलेला नसतो. जिवाणूंचं तर उघड आहे. कॅटेचिन जिवाणूंच्या पडद्याला इजा करतात, हे जपानी संशोधकांनी १९९३ सालीच मांडलंय.

काळी माती
किती मात्रेला? प्रयोगशाळेत दहा, पन्नास, शंभर मायक्रोमोलर (द्रावण किती दाट त्याचं माप) ओततात. एक-दोन कप प्याल्यावर रक्तात सहसा एक मायक्रोमोलरसुद्धा भरत नाही.

पेट्रीडिश
रक्तात नाही, कबूल. पण कपात? एका कपात ईजीसीजी साधारण पन्नास ते शंभर मिलिग्रॅम धरा, म्हणजे शेकडो मायक्रोमोलर झाले. तोंडात आणि आतड्यात तेच पाणी जातं. तिथल्या जिवाणूंना तुमचा रक्ताचा आकडा कोण सांगणार?

काळी माती
हा मुद्दा मी धरला नव्हता. तोंडापुरतं मान्य. फळ्यावरच्या चरबीचं मात्र त्यानं काही सिद्ध होत नाही.

हळदीचं पोतं (वसमत)
आमच्या हळदीला का सोडलं मग? का ती तेवढी चांगली?

पेट्रीडिश
नाही सोडलं, दादा. २०१४ सालच्या एका अभ्यासात ईजीसीजीच्या शेजारीच हळदीतलं कर्क्युमिन आणि मिरचीतलं कॅप्सेसिन होतं. तिघंही पडदा ढवळतात आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या प्रथिनांची चाल बदलतात. म्हणून तर प्रयोगात "याचा सगळ्यावर परिणाम होतो" असं दिसलं की आधी पडदा तपासावा लागतो.

हळदीचं पोतं
म्हंजे भाव पाडायलीस तू.

उपकेंद्र (हिंगोली)
तुमचं मायक्रो-नॅनो चालू द्या, मी गोळ्या वाटणारी बाई आहे. आमच्याकडं एक बाळंतीण लोहाची गोळी ग्रीन टीसंगं घ्यायची, वर "सडपातळ व्हायचंय" म्हणायची. तिच्यासमोर गोळी चुरगाळून पेल्यात टाकली. पिवळसर चहा बघता बघता निळा-काळा, दौतीतल्या शाईसारखा. तिला म्हटलं, बाई, लोह चहानं धरून ठेवलं, अंगाला काय लागणार? आता गोळी लिंबूपाण्यासंगं घेते, चहा दोन तासांनी.

उतरता काटा
चहा ठीक. कॅप्सूलचं काय? माझी अर्धी डबी शिल्लक आहे.

पेट्रीडिश
इथं मी सरांसोबत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ साली सांगितलंय की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर यकृताला इजा झाल्याची खूण, म्हणजे एन्झाइम, रक्तात वाढतात. नेहमीसारखा उकळत्या पाण्यात केलेला चहा त्यांनी साधारणपणे सुरक्षितच धरलाय. डबीवर ईजीसीजीचा आकडा किती आहे?

उतरता काटा
आकडा नाही. नुसतं पान काढलंय.

काळी माती
ताई, हिंगोलीहून सकाळी सहाला परभणीत पोचता येईल का? गोळी तेवढी घेऊन या. पेला आणि फळा इथं आहे.