मदत हवी आहे: धूमकेतूचं मिथेन आणि हवेतलं मिथेन वेगळं कसं करायचं?

रेणुका_एमएस्सी

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत रसायनशास्त्रात एमएस्सी करतेय. धूमकेतूंची रासायनिक घडण हा प्रोजेक्ट मी हट्टाने मागून घेतलाय. हवाईतल्या आयआरटीएफ दुर्बिणीवर आयशेल नावाचा वर्णपटमापक आहे, त्याचा डेटा अर्काइव्हमधून उतरवलाय. आपल्या उत्तराखंडातल्या देवस्थळच्या दुर्बिणीवर टीआयएफआर-एरीज या संस्थांचा टॅनस्पेक हा वर्णपटमापक आहे, पण तो २.५ मायक्रॉनला थांबतो आणि मला हवे असलेले इथेन, मिथेन, मिथेनॉलचे पट्टे ३.३ ते ३.६ मायक्रॉनमध्ये येतात.

लॅबमधल्या एफटीआयआरची (अवरक्त वर्णपट घेणाऱ्या यंत्राची) मला सवय आहे. पावसाळ्यात इथे केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची) नमुना मिसळलेली चकती दाबून बाहेर काढेपर्यंत दुधाळ होते आणि कुणाच्याही नमुन्यात ३४०० वेव्हनंबरच्या (एका सेंटीमीटरमध्ये बसणाऱ्या तरंगांच्या संख्येच्या) आसपास पाण्याचा रुंद पट्टा हजर होतो. धूमकेतूंच्या बाबतीतही बाष्पच आडवं येतं हे वाचून फार गंमत वाटली. पाण्याचा सगळ्यात जोरकस पट्टा २.७ मायक्रॉनजवळचा, तो जमिनीवरून दिसतच नाही. म्हणून तर १९८५ च्या डिसेंबरात हॅलीच्या धूमकेतूतलं पाणी थेट टिपलं ते विमानात बसवलेल्या कायपर वेधशाळेतून. जमिनीवरून २.९ च्या आसपासचे 'हॉट बँड' (आधीच उत्तेजित पातळीवर संपणाऱ्या संक्रमणांचे पट्टे) वापरतात, कारण त्या रेषा शोषू शकतील असे उत्तेजित रेणू आपल्या थंड हवेत जवळपास नसतातच. इथपर्यंत समजलं.

अडलंय ते मिथेनवर. त्याला अशी पळवाट नाही, धूमकेतूची रेषा आणि हवेची रेषा एकच. तरी १९९६ मध्ये ह्याकुताकेत इथेनसोबत मिथेनही जमिनीवरूनच सापडलं, म्हणजे जमतं. माझ्याकडे दोन रात्रींचा डेटा आहे. एका रात्री धूमकेतूचा पृथ्वीसापेक्ष वेग सेकंदाला साधारण २५ किमी, दुसऱ्या रात्री जेमतेम ४. दुसऱ्या रात्रीच्या वर्णपटात ३०२८.७५ वेव्हनंबरपाशी एक छोटा उंचवटा दिसतो. तो खरा मानू का? आणि हवेचा परिणाम काढायला प्रमाण ताऱ्याच्या (तेज माहीत असलेल्या ताऱ्याच्या) वर्णपटाने भागू की हवेचं मॉडेल बसवू? माझे गाइड एफटीआयआरमध्ये मुरलेले आहेत, पण असा डेटा त्यांनाही नवीन आहे.

ध्रुवमत्स्य

रेणुकाताई, आधी हिशोब करू. वेगामुळे धूमकेतूची रेषा हवेच्या रेषेपासून बाजूला सरकते (डॉप्लर परिणाम), ती किती ते पाहू. वेग भागिले प्रकाशाचा वेग, गुणिले वेव्हनंबर. २५ किमीला रेषा सुमारे ०.२५ वेव्हनंबरने सरकते, ४ किमीला फक्त ०.०४ ने. हवेतल्या मिथेनची रेषा मध्यभागी पार काळी असते, आणि ०.०४ म्हणजे त्या काळ्या भागातच. तिथून धूमकेतूचा प्रकाश खाली पोचलेलाच नाही. जवळपास शून्य पारगम्यतेने (हवेतून पार होणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणाने) भागलं की साधा नॉइजसुद्धा डोंगराएवढा होतो, त्यामुळे तुमच्या उंचवट्यावर माझा विश्वास नाही. त्या रात्रीचं मिथेन सोडा. इथेन आणि मिथेनॉल मात्र खुशाल काढा, हवेत ते नगण्य आहेत. कार्बन मोनॉक्साइडलाही मिथेनचाच नियम.

वेग दर वेळी जेपीएल होरायझन्स या नासाच्या ऑनलाइन गणकातून घ्या, 'डेलडॉट' हा रकाना. धन म्हणजे दूर जातोय.

हवेसाठी मॉडेलच बसवा. नासाचं प्लॅनेटरी स्पेक्ट्रम जनरेटर हे वर्णपटाचं मॉडेल बनवणारं साधन फुकट आहे. धूमकेतूच्या धुळीचा सलग प्रकाश त्याच हवेतून आलेला असतो, त्यावरच मॉडेल बसतं. तारा फक्त तीव्रतेच्या कॅलिब्रेशनला.

रेणुका_एमएस्सी

मनापासून आभार! पहिल्या रात्रीचंच मिथेन घेते. पण गुणोत्तर पाण्याशी काढायचंय आणि या सेटिंगमध्ये २.९ चा भाग येत नाही. पाणी कुठून आणू? आणि फिरकीचं तापमान (रेणूंच्या फिरण्याच्या पातळ्यांवरून ठरणारं) किती धरू?

ध्रुवमत्स्य

३.३ मायक्रॉनच्या आसपास ओएचच्या (हायड्रॉक्सिल, पाण्याचा तुकडा) रेषा शोधा. सूर्यप्रकाशाने पाणी फुटलं की उत्तेजित ओएच तयार होतं आणि लगेच चमकतं, त्यावरून पाण्याचं प्रमाण काढतात. त्याच स्लिटमध्ये (वर्णपटमापकाच्या फटीत), त्याच वेळी मिळतं हा मोठा फायदा, कारण धूमकेतूचं उत्सर्जन तासातासाला बदलू शकतं. तापमान मनाने धरू नका. एकाच रेणूच्या कमी-जास्त ऊर्जेच्या पातळ्यांवरून निघणाऱ्या बऱ्याच रेषा घ्या आणि ज्या तापमानाला सगळ्यांवरून रेणूंची संख्या सारखी येते ते घ्या. इथेनचं प्रमाण पाण्याच्या अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या आसपास आलं तर गाडी रुळावर आहे. पाच टक्के आलं तर आकडे इथे टाका, बघू.