अनुभव धागा: ॲक्सिलरेटर दाबला की गाडी बोंबलते

राम राम राजेहो. पाऊस सरला, पांदण वाळली, आणि चार महिने चिखलात राबलेल्या गाड्या डांबरीवर आल्या की एकेकीला कंठ फुटतो. मिस्त्रीसमोर आपण तोंडानं घुंघुं, खडखड करून दाखवतो. तो मान हलवतो आणि खोलायला घेतो. आवाज कसा येतो यापेक्षा केव्हा येतो हे त्याला जास्त कामाचं. उभ्या गाडीत रेस दिली तरी येतो का? मोकळ्या सपाट रस्त्यावर क्लच दाबला तर थांबतो का? वळणावर बदलतो का? आपापले किस्से लिहा, पण ही तीन उत्तरं सोबत द्या.

कास्तकार, कारंजा
डिझेल गाडी. सकाळी थंड इंजिनला रेस दिली की टकटकटक, चढावर आणखी जोरात, आणि गाडी तापली की गुपचूप. उभ्या गाडीतही येत होता, म्हणजे चाकं, एक्सल सगळं बाद. गावात दोघांनी 'हेड उघडा' सांगितलं. म्हाताऱ्या मिस्त्रीनं ऑइलची पट्टी पाहिली, मग मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपावर, टॉर्च मारला. जोडापाशी काळी काजळी धरलेली. गॅस्केट, म्हणजे जोडातली धूर अडवणारी पट्टी, फुटलं होतं. लोखंड तापून फुगतं, फट बुजते, म्हणून गरम गाडीत आवाज बसतो. गॅस्केट स्वस्त, गंजलेला स्टड मोडला तो काढण्यातच दुपार गेली.
एक सांगतो, सायलेन्सर किंवा मॅनिफोल्ड कुठंही फुटलेलं असेल तर काचा लावून, एसी चालू करून उभ्या गाडीत झोपू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पऱ्हाटीवाला
आमच्याइकडं लोकं सोयाबीन, तूर रस्त्यावरच टाकतेत, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यायनं फुकटात मळणी होते. त्याच्यावरून गेलो अन् पुढं पिकअप घेतला का खर्रर्र! खाली वाकून पायलं तं सायलेन्सरच्या वरच्या पत्र्यात तुरीच्या काड्या अन् कुटार गच्च. पत्र्याचा एक बोल्टही गायब. गाडी थंड होऊ देली, काड्या ओढल्या, पत्रा तारेनं आवळला. खर्च शून्य. पण राजेहो, वाळलं कुटार तापल्या सायलेन्सरवर पेटते. घरी जाऊन पाहू म्हणून तसंच दामटू नका.

परतवाडेकर
पेट्रोल गाडी. सपाटीवर काही नाही, चिखलदऱ्याच्या घाटात चौथ्या गिअरवर ओढायला लागली की बारीक खणखण. पाय उचलला की बंद. हे नॉकिंग. इंजिन कमी फेऱ्यांवर आणि भार जास्त, अशा वेळी सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचायच्या आत आपोआप भडकतं. तिसरा टाकला की पन्नास टक्के लोकांचा प्रश्न तिथंच सुटेल, असं माझं मत. माझा सुटला नाही, कारण टाकीत दुकानातलं, कॅनमध्ये कधीचं पडलेलं पेट्रोल होतं. ते संपवून पंपावरचं भरलं, आवाज गेला. तरीही राहिला असता तर प्लग आणि कार्बन पाहायचा होता.

शाळेची बाई, वणी
कोळशाच्या ट्रकांनी खणलेल्या रस्त्यावर माझं रोजचं जाणं-येणं. वेग वाढला की घूंऽऽ, इतका की मागच्या सीटवरचं बोलणं ऐकू येईना. उभ्या गाडीत नाही. क्लच दाबला तरी तसाच. म्हणजे इंजिनाचा संबंध नाही, चाकासोबत फिरणारं काहीतरी. एका गॅरेजवाल्यानं चारही टायर बदलायला सांगितलं. आमच्या मिस्त्रीकाकांनी रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकंच डावी-उजवीकडं केलं. उजवीकडं वळताना आवाज वाढला. तेव्हा भार डाव्या चाकावर येतो. जॅक लावून डावं चाक हातानं फिरवलं, दुसरा हात स्प्रिंगवर. खरखर हाताला लागली. हब बेअरिंग, म्हणजे चाकाच्या मधलं बेअरिंग, बदललं, टायर तेच आहेत.
समृद्धीवर चढल्यावर असाच आवाज वाटला तर घाबरू नका. तिथं काँक्रीट आहे, टायर जास्तच गुणगुणतात. खाली डांबरीवर उतरून पुन्हा ऐका.

अहेरीकडचा
मागची चाकं ओढणारी जुनी जीप. क्लच सोडला की टण्ण, ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की टण्ण. प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) गेला होता. नाल्यातून गाडी काढली की पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, बारीक सुया गंजतात. खाली पाहाल तर क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस भुकटी दिसेल. ग्रीसचं निपल असेल तर पावसाळ्यात तरी ग्रीस मारत जा, नसेल तर बदलणं आलं. लांबवू नका, शाफ्ट सुटला तर खालचं बरंच घेऊन जातो.

कास्तकार, कारंजा
@अहेरीकडचा, दादा, टण्ण नसेल आणि भार दिल्यावर नुसती कूंऽऽ येत असेल तर मागच्या एक्सलच्या हाउसिंगमधलं ऑइल आधी तपासा. तो आवाज आतल्या क्राउन-पिनियनचा, म्हणजे दात्यांच्या चाकांचा.

मेहकर रोड
डिझेल, टर्बोवाली. दाबली की सूंऽऽ, मागं काळा धूर, ताकद नाही. गाडी गोठ्याशेजारी उभी असते, उंदरांनी हवेचा पाइप कुरतडलेला. चिरेभोवती तेलकट ओल होती, त्यावरून सापडला. पाइप नवा. उंदीर जुनेच.

नवखा, घाटंजी
माझी प्रश्नावली: उभ्या गाडीत आवाज नाही, वळणावर बदलत नाही. गाडी हलताना 'धप्प', मग पिकअप घेताना थरथर. एक्सलचे बूट (जॉइंटवरची रबरी टोपणं) शाबूत आहेत.

परतवाडेकर
आधी इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ते, बघा. बॉनेट उघडं, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही दाबून, पहिल्या गिअरवर क्लच अगदी जरासा सोडायचा. बघणारा बाजूला उभा राहील, गाडीपुढं नाही! इंजिन उडी मारल्यासारखं उचललं तर रबर तुटलंय. जागच्या जागी राहिलं आणि थरथर जोर देतानाच येत असेल, तर एक्सलचा गिअरबॉक्सकडचा जॉइंट खोलून पाहायला सांगा. बूट शाबूत असला तरी आतून झिजतो.

नवखा, घाटंजी
बरं. रविवारी भाचा येतो, त्याला ब्रेकवर बसवतो.